पुसलेल्या अक्षरांची कुपी

ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या त्या प्रयोगशाळेत ग्लेनिस टलीची एकतीस वर्षं गेली. पेशी वाढवायच्या, भुकट्या तोलायच्या, नव्या पोरापोरींना शिस्त लावायची. कुणाचा मास्क खाली घसरलेला दिसला, की विचारायची, हनुवटीला नाक फुटलंय का?

मंगळवारी तिचाच मास्क हनुवटीवर होता. चष्म्यावर वाफ धरत होती म्हणून. कार्बनची काळी भुकटी काचेच्या बंद कपाटात तोलायची, असा नियम. पण एवढीशी तर होती, तिनं ओट्यावरच घेतली. जुलैच्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्याच्या, कोरड्या हवेत ती चमच्यावर ठरेना, टुणकन उडाली. ग्लेनिसनं ओटा पुसला, हाताच्या सवयीनं कुपीही स्पिरिटनं पुसली आणि झाकणावरची मार्करची अक्षरं पुसायच्या कागदावर उतरली. मग आठवणीच्या भरवशावर तिनं पुन्हा लिहिलं, 'ऋण'. कुणाला काही बोलली नाही.

गुरुवारी सेलानं तिला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. सेला टोंगा बेटांवरची, शेजारच्याच ओट्यापाशी बसणारी, दमेकरी. भुकटी एकच, पण तिच्या कणांवर लेप दोन तऱ्हांचे, एक ऋण भाराचा, एक धन भाराचा. ऋण भाराचे कण पेशीच्या पडद्यापासून लांब राहतात. धन भाराचे चिकटतात, पडद्याला भोकं पाडतात आणि तांबडा रंग आत शिरतो.

ग्लेनिसनं डोळा लावला. तिच्या 'ऋण' कुपीतली भुकटी घातलेल्या फुप्फुसाच्या पेशी, सगळ्या तांबड्या.

"तुझ्या गरीब गाईनं लाथ मारली बघ," सेला हसली, आणि हसता हसता खोकली.

कालही खोकत होती. म्हणजे मंगळवारी उडाली ती धन भाराची भुकटी होती. बशीतल्या पेशी वेगळ्या, माणसाची छाती वेगळी, तिनं मनाला बजावलं. मन ऐकेना. सांगितलं तर एकतीस वर्षांची पत जाणार. नाही सांगितलं, तर डॉक्टर साध्या दम्याचं औषध देऊन हिला घरी धाडणार.

"सेला, मंगळवारी तू मास्क लावला होतास?"

"मी नुसती लिहीत बसले होते. का गं?"

ग्लेनिसनं सांगितलं. चमचा, स्पिरिट, पुसलेली अक्षरं, सगळं. सेलानं सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला.

"आणि दोन दिवस तू मला चहा करून देत होतीस."

ग्लेनिस अंगातला पांढरा कोट काढू लागली.

"कुपी घे," सेला म्हणाली. "डॉक्टरांना तू सांगायचंस. मला बोलताना दम लागतोय."

गाडी ग्लेनिसनंच चालवली. एकेका सिग्नलला ती रेडिओ, वारा, इंजिन, सगळं वगळून शेजारचा श्वास तेवढा ऐकत होती. मंगळवारच्या आधी तो असाच होता की नाही, हे काही केल्या तिला आठवेना.