सुगरणीची पसंती

बारवी धरणाच्या वाटेवर, विहिरीवर झुकलेल्या शिंदीच्या झाडाला सुगरणींची घरटी लटकतात. गेल्या पावसाळ्यात मी ती मोजून वहीत लिहिलं: घरटी वीस, संसार वीस. विहिरीचे मालक, एक म्हातारे शेतकरी, हसलेच. "अहो, अर्धी रिकामी आहेत. नर अर्धं विणतो, मग मादी येऊन बघते. तिला पटलं तरच तो पुढे विणतो, नायतर दुसरं घरटं सुरू."

मला रागच आला. एवढं सुबक काम, आणि नापसंत?

शेजारी बायको उभी होती. बदलापुरातले अर्धवट बांधलेले चार फ्लॅट तिने असेच नाकारले होते. पाचव्यात आम्ही सुखात राहतो, आणि तो मी निवडला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय.