विमानाला शिंगांचा रंग

नव्वदच्या दशकात मुरबाड तालुक्यातल्या एका माळावर मुंबईच्या एका शेठचं छोटं विमान उभं असायचं. माझं घर किन्हवलीला. विमान दुरुस्तीचं लायसन असलेला पंचक्रोशीत मी एकटाच, त्यामुळे लोक मला मिक्सर दुरुस्तीला बोलावत.

त्या विमानाच्या शेपटीला एक आडवी फळी होती. ती हलली की विमानाचं नाक वर-खाली होतं. ही फळी ज्या पकडींवर हलते, त्यांना परदेशात कुठेतरी तडे गेलेले सापडले आणि सरकारी हुकूम निघाला. ठरावीक तास उड्डाण झालं की पकडी तपासायच्या, सही करायची, मगच उडायचं. पुन्हा तेवढे तास भरले की पुन्हा तपासायच्या. मी आरसा, बॅटरी आणि भिंग घेऊन बघायचो, काही नसायचं, सही करायचो. हे काम मला फार आवडायचं, कारण त्यात काही घडत नसे.

माळाचा राखणदार शेजारच्याच गावचा शेतकरी. त्याची बायको म्हसा गावची, जिथे दरवर्षी मोठी जत्रा भरते. शेठने एकदा चहा पिता पिता कबूल केलं, की जत्रेच्या दिवशी वहिनींना माहेरावरून एक फेरी मारून आणू. शेठ विसरला असता. वहिनींनी माहेरी निरोप धाडला, की यंदा मी वरून येणार, सगळे अंगणात उभे राहा. ज्या भावांनी माळावर दिली म्हणून जन्मभर तिची कीव केली, तेही उभे राहणार होते.

जत्रेच्या आदल्या दिवशी तपासणीची वेळ भरली. मी गेलो तर पकडी तांबड्याभडक. बैलांची शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंट राखणदाराने विमानाला मारला होता. जत्रेला जायचं तर नटायला नको का, असं त्याचं म्हणणं. इतक्या मायेने केलेलं इतकं चुकीचं काम मी पुढे कधी पाहिलं नाही.

रंगाखालचा तडा दिसत नाही. एरवी पकडी जागेवरच बघतात, आता मला त्या सोडवून थिनरने धुवाव्या लागल्या. आणि उजव्या पकडीच्या मागच्या अंगाला, जिथे आरसा पोचत नाही, तिथे केसाएवढा तडा निघाला. किन्हवलीच्या बूथवरून शेठला फोन करून सांगितलं, की नवी पकड येईपर्यंत विमान उडणार नाही.

सकाळी वहिनी नवं लुगडं नेसून माळावर आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एसटीने म्हशाला गेल्या. भाऊ पहाटेपासून अंगणात उभे होते म्हणे. विमान कुठे बांधून आलीस, असं जत्राभर विचारत राहिले. वहिनींनी तड्याचं कोणाला सांगितलं नाही, कारण मग नवऱ्याच्या रंगाचंही सांगावं लागलं असतं.

नवी पकड आली तोवर जत्रा उठली होती. मी ती दोन्ही अंगांनी बघून बसवली, सही केली. शेठ म्हणाला, चला वहिनी, राहिलेली फेरी मारू.

"आता कोन बगतंय वर?" वहिनी म्हणाल्या. "ह्यांना न्या. ह्यांनीच रंगवलंय."

राखणदाराचा चेहरा पांढराफटक पडला. पण शेठला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती, म्हणून विमानात बसला.

विमान म्हशाच्या दिशेने वळलं, बारीक झालं आणि दिसेनासं झालं. वहिनी पदर दातात धरून माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"भावजी, मागची बाजू बगितलीत ना?"

"दोनदा बघितली."

"मंग हात का कापतात तुमचं?"

मी हात खिशात घातले. विमान पुन्हा दिसेपर्यंत ते बाहेर काढले नाहीत.