मामाच्या घरचं रक्त

हिवतापाच्या गोळ्या घेतल्यावर माझ्या भाच्याची लघवी काळी झाली, डोळे पिवळे पडले. चाळीसगावहून भावानं त्याला धुळ्याला आणलं. डॉक्टर म्हणाले, "याच्या रक्तात एक एन्झाइम जन्मापासूनच कमी आहे. हे आईकडून मुलात येतं. या गोळ्या त्याला चालणार नाहीत."

वहिनी आमच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्यात मामाची मुलगी करून आणतात. दवाखान्याच्या व्हरांड्यातच मी तिच्यावर तुटून पडले. "तुझ्या बापाच्या घरचं रक्तच नासकं. माझ्या भावाचा वंश बुडवायला आलीस!"

"ते घर तुमनी मायनं माहेर शे, अक्का," ती म्हणाली. "मंग तुमना पोऱ्या कसा वाचना?"

माझा मुलगाही सुटला नव्हता. आदल्याच वर्षी जळगावला त्याला याच गोळ्यांनी असंच झालं होतं. "माहेरीही सांगून ठेवा," असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. सासरचे माझ्या रक्ताला नावं ठेवतील, म्हणून मी सगळ्यांना साधी कावीळ सांगितली.

भाचा वाचला. त्या अपमानानंतर वहिनीनं त्याला कधीच माझ्या घरी पाठवलं नाही. मी तिला खरं सांगितलं असतं, तर त्याला ती गोळी कुणी दिलीच नसती, हे तिला आजही ठाऊक नाही.