कानाच्या कडा

भाचीला मुलगी झाली म्हणून दवाखान्यात गेले होते. बाळ दुपट्यात गाढ झोपलं होतं. भाचीच्या सासूबाई आल्या, त्यांनी बाळाचं टोपरं वर सरकवलं आणि कानाच्या कडा उजेडात निरखून पाहिल्या. "आत्ता गोरी दिसतेय, पण कान बघा. काळीच होणार हो," म्हणत त्यांनी सुस्कारा सोडला. भाचीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

माझेही कान असेच पाहिले होते म्हणे. पुढे शाळेच्या नाटकात मला दरवर्षी राक्षसीण मिळाली. लग्नाच्या वेळी पाहुणे पोहे खाऊन "कळवतो" म्हणाले आणि गेले. सगळी माणसं सारखी, हे आम्ही लहानपणीच पाठ केलेलं. तरी माणूस बघायचा तो कानापासून.

सासूबाई गेल्यावर मी टोपरं नीट खाली ओढलं.

"मावशी, खरं सांग," भाची हळूच म्हणाली, "उजळेल ना गं ती?"

"वेडी आहेस का?" मी रागावले. पण सासूबाई यायच्या आधी, भाचीचा डोळा लागला असताना, मीही ते टोपरं सरकवून पाहिलं होतं, हे तिला सांगितलं नाही.