होळीच्या दिवशीचे अंगठे

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण मनातून जात नाही ती एका अर्जाची घटना. साठ सालच्या आसपासची. सातपुड्याच्या पायथ्याच्या ठाण्यात मी तेव्हा हवालदार होतो.

एका पाड्याचा म्हातारा कारभारी सकाळीच आला. पाड्यावरच्या जंगलाला सरकारने तोडबंदी केली होती, कारण खालचा झरा त्याच्यावरच जगतो. लाकडाच्या एका ठेकेदाराला ती बंदी उठवून हवी होती.

"जंगलखात्याचा गार्ड सांगतो, जंगल तोडा म्हणून आम्हीच अंगठे दिले. नाही दिले, साहेब. झरा आटला तर पाडा उठेल."

जंगलखात्याच्या रेंज ऑफिसातून तो अर्ज मागवला. पाड्यातल्या सगळ्यांचे अंगठे, तारीख, 'पाड्यावर सर्वांसमक्ष घेतले' असा शेरा. आठवड्यात कागद मुंबईला जाणार होता. मला म्हाताऱ्याचाच संशय आला. अंगठा देऊन मागून नाकबूल होणारे मी रोज बघायचो.

दुपारी जेवताना बायकोला अर्ज वाचून दाखवला. भाकरी थापता थापता तिने तारीख परत विचारली.

"तो ते होळीना दिन शे. तुम्ही काठीले बंदोबस्तमा व्हतात, मी एकलीनी पुरणपोळी खादी. मन्हा चांगला ध्यानमा शे."

घास हातातच राहिला. काठी गावच्या होळीला अख्खा डोंगर लोटतो. हाच म्हातारा कमरेला भोपळे बांधून माझ्यासमोर नाचला होता!

ठेकेदाराच्या कारकुनाला ठाण्यात बोलावलं.

"अंगठे कुठे घेतले?"

"पाड्यावर, हवालदारसाहेब. मी स्वतः."

"त्याच दिवशी?"

"कागदावर आहे की."

"मग काठीला माझ्यासमोर नाचत होता तो कोण, तुझा शेठ?"

तो कागदावरची तारीख परत पाहू लागला. बाहेरगावचा माणूस, होळीला पाडा ओस असतो हे त्याला काय ठाऊक! अंगठे वखारीतल्या हमालांचे, असा जबाब त्याने दिला. ठसे तपासले, तेच निघालं. अर्ज रद्द झाला, बंदी राहिली. कारकुनाला शिक्षा झाली, शेठ सुटला.

शेठ सरकारच्या कानाशी बसतो, पाडा लांब असतो. तेव्हापासून 'लोकांची मागणी' लिहिलेला कागद दिसला की मी आधी विचारायचो, लोक त्या दिवशी होते कुठे?

म्हातारा भोपळ्यात झऱ्याचं पाणी घेऊन आला. ते मीच प्यालो. वरून आलेली शाबासकीही मीच घेतली. रिपोर्टात बायकोचं नाव नव्हतं, आणि हे तिच्यामुळे उलगडलं, असं मी तिला कधी सांगितलंही नाही. यंदा ती गेली. म्हणून इथे लिहून ठेवतो. तो गुन्हा माझ्या बायकोने उघडकीला आणला. तिचे उपकार आहेत, माझ्यावर आणि त्या झऱ्यावर.