शरदचं अळणी वरण

त्या फोटोखालून आधी माझं नाव काढा.

"मोठ्या आईच्या हातच्या जेवणानं बाबांचं शरीर घडलं." असं लिहून टाकलं शरदच्या पोरीनं, मीनलनं. खाली लाल बदामांची रांग लागली.

घडलं नाही. माझ्या हातच्या जेवणानं बिघडलं.

आता नमस्कार. मी शरदची वहिनी. आज त्याची तेरवी झाली. मी चौथीपर्यंत शिकली, एका बोटानं अक्षर शोधून शोधून लिहून राहिली. चुका काढू नका.

मी लग्न होऊन नागपुरात, महाल भागात आली तेव्हा शरद दहा वर्षांचा होता. सासू आधीच गेलेली. म्हणून दीर असला तरी त्याले अरे-तुरेच केलं.

मोठा झाला अन् व्यायामशाळेत जायले लागला. आणीबाणी उठली त्याच्या आसपासची गोष्ट. तेव्हा जिम-बिम नव्हतं. लाल माती, दोन लोखंडी दांडे, अन् उस्ताद.

मे महिन्यात शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती. उस्ताद म्हणाले, "शरीर आहे तुझं, पण वरून चरबीची दुलई पांघरून बसला तू. ती उतरव."

तेल बंद. तूप बंद. साखर बंद. मग भात बंद.
शेवटच्या आठवड्यात मीठ बंद. शेवटच्या दिवशी पाणीसुद्धा. मीठ खाल्लं की पाणी कातडीखाली साचते म्हणे, अन् पोटावरच्या रेषा दिसत नाही.

माझा नातू आता मोबाईलवर फॅट किती टक्के ते पाहते. तेव्हा उस्ताद पोटाचं कातडं चिमटीत धरून पाहायचे. चिमटीत काही येता कामा नये.

लोकांले वाटते असा माणूस लई ताकदवान राहते. काही नाही. दिसायले पहेलवान, अन् नळावरून बादली आणताना दोनदा खाली ठेवायचा.

नागपूरचा मे. आम्ही डोक्यावर ओलं फडकं घेऊन फिरून राहिलो, अन् हा स्वेटर घालून बसलेला. थंडी वाजते म्हणे. पाटावर बसला की हाडं टोचायची, म्हणून खाली पोतं घ्यायचा.

मी वांग्याची भाजी टाकली की चुलीजवळ यायचा.

"खात नाही वहिनी. वास घेऊ दे फक्त."

"वासानंही चरबी चढते बरं."

हसायचा. मग मले जेवताना पाहत बसायचा. "अजून घे न वं वहिनी." स्वतः उपाशी, अन् आग्रह मले.

नळावर बायका कुजबुजायच्या. शेजारची कमळाबाई तर तोंडावर बोलली.

"काहून वं, बिनमायच्या पोराले वाळवून राहिली? त्याचे गाल पाह्य. तुझे पोट्टे मात्र गुबगुबीत."

शरदची भूक मले महिनाभर दिसत होती, तेव्हा काही वाटलं नाही. हे मात्र लागलं.

मायेनं केलं असतं तर आज सांगायले तोंड असतं. मी माझं नाव वाचवायले केलं.

त्याच दिवशी त्याच्या वरणात मीठ टाकलं. घोटताना चमचाभर तूपही जिरवलं. स्पर्धेले चार दिवस राहिले होते. चारही दिवस टाकलं.

पहिल्याच घासाले थांबला.

"वहिनी, मीठ आहे काय वं यात?"

"कुठचं मीठ? उपाशी राहून जीभ येडी झाली तुझी."

वाटीत पाहत राहिला. मग म्हणाला, "असंन."
अन् वाटी पुसून खाल्ली.

माझ्यावर भरवसा जास्त, स्वतःच्या जिभेवर कमी.

मीठ ते. तहान लागणारच. स्पर्धेच्या दिवशी दुपारी मी अंगणातून आत आली तर हा माठापाशी उभा. हातात गडू, हनुवटीवरून पाणी गळून राहिलं.

मले पाहून चोरासारखा गडू खाली ठेवला.

चोर मी होती.

संध्याकाळी स्टेजवर गेला तर पोटावरच्या रेषा बुजलेल्या. पहिल्या पाचातही नंबर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद घरी आले. मी चहा घेऊन दारात.

"पाणी प्याला न बे?"

"हो उस्ताद."

"एक दिवस दम नाही धरवला?"

"नाही. माझ्यात दमच नाही."

"मीठ मी टाकलं." तीन शब्द बोलायचे होते.
मी म्हटलं, "चहा घ्या."

त्यानंतर तो व्यायामशाळेची पायरी चढला नाही. तो फोटो त्या स्पर्धेच्याच दिवसाचा आहे. पाहणाऱ्याले शरीर दिसते. मले माझं वरण दिसते.

मीनल, तू बारावीत असताना शर्यतीच्या आधी घाबरली होती. बाप काय म्हणाला तुले? "राहू दे बेटा. आपल्या घराण्याचा दम शेवटच्या दिवशी सुटते." तू नाव काढून घेतलं. मी तिथंच बसून वाटाणे सोलत होती.

सोलतच राहिली.

आता शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात डॉक्टरनं त्याचं मीठ बंद केलं. मले म्हणाला, "वहिनी, या वेळी दम धरतो, पाह्य."

मले तिथं उभं राहवलं नाही. बाहेर जाऊन बाकावर बसली.

धरला त्यानं. शेवटच्या घासापर्यंत धरला.

आज तेरवीच्या पंगतीले त्याचं वरण मी अळणी वाढलं. सगळे म्हणाले, म्हातारी मीठ विसरली.

विसरली नाही.

शरद, जा बापा. दम तुझ्यात होता. खोटी मी निघाली.

खाली कोणी हात जोडू नये, फुलं टाकू नये. "मोठ्या मनाची आजी" तर बिलकुल लिहू नये.

मीनल, उत्तर तुले द्यायचं आहे. तुझं मनीषनगर काही लांब नाही, पण घरी येऊन गळ्यात पडू नको. फोटो सगळ्यांसमोर टाकला न, मग इथंच लिही, सगळ्यांसमोर. तोंडात येईल ते लिही.

तिचं होईपर्यंत बाकीच्यांनी चूप बसा.