ओमानातल्या तलावाला नॉर्वेचा हंगाम

"लाइफगार्डची आता गरज नाही, सीझन खतम," असे म्हणून कुरियन यांनी याकूबला मायदेशी पाठवण्याचा कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.

सप्टेंबर लागला होता. मस्कतजवळच्या अल अमेरातमध्ये चाळीस बंगल्यांची एक वसाहत होती आणि तिच्या देखभालीचे कंत्राट त्याच वर्षी आमच्या कंपनीकडे आले होते. कुरियन ऑपरेशन्स मॅनेजर; मी नुकताच रुजू झालेला कॉन्ट्रॅक्ट्स मॅनेजर. म्हणजे ते कामे करून घेत, आणि करारात खरोखर काय लिहिले आहे ते मी सांगत असे. दुसरे काम कोणालाच आवडत नाही. याकूब हा रत्नागिरीकडचा, वसाहतीतल्या स्विमिंग पूलवरचा लाइफगार्ड. आखातात नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की माणूस घरी जातो. याकूबची मुलगी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती.

"कोणता सीझन?" मी विचारले.

"स्विमिंग सीझन. देशपांडेसाब, एग्रीमेंट में लिखा है. क्लॉज चौदह. आपही का डिपार्टमेंट है."

मी कलम चौदा काढले. जलतरणाचा हंगाम म्हणजे एक जून ते एकतीस ऑगस्ट. या काळात तलावावर लाइफगार्ड असलाच पाहिजे. एरवी तो ठेवण्याचे बंधन नाही. छपाई सुबक, भाषा निर्दोष, मजकूर शुद्ध वेडेपणाचा.

ज्यांनी ओमानचा उन्हाळा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जून ते ऑगस्ट आमच्या तलावाचे पाणी दुपारी छत्तीस अंशांवर जाई. त्यात उतरणे म्हणजे कोणीतरी आंघोळ करून सोडलेल्या टबात बसणे. शाळांना सुट्ट्या लागत, निम्मी वसाहत आपापल्या देशी जाई, आणि उरलेली एसी सोडून बाहेर पडत नसे. ते तीन महिने याकूब छत्रीखाली बसून रिकाम्या पाण्याची राखण करी. ऑक्टोबरात पाणी तिशीखाली उतरे, आणि तिथून एप्रिलपर्यंत वसाहतीतली झाडून सारी पोरे त्यात असत. थोडक्यात, बुडायला कोणी नसताना रक्षक, आणि बुडण्याची सोय झाली की रक्षक घरी.

मला संताप लवकर येतो असे माझी पत्नी म्हणते. या वेळी तो कलमवार आला.

हे लिहिले कोणी, याचा उलगडा नऊ नंबरच्या बंगल्यातल्या लार्स यांनी केला. हे नॉर्वेचे इंजिनियर जानेवारीत, पाणी वीस अंशांवर आलेले असताना, रोज पहाटे तासभर पोहत आणि इतर रहिवासी त्यांच्याकडे शाली पांघरून पाहत. कलम वाचून ते खो खो हसले.

"हे तर आमच्या गावच्या तळ्याचं वेळापत्रक आहे! मेमध्ये बर्फ वितळतो. जूनमध्ये पाणी चौदा-पंधरा अंश. तेव्हा फक्त मुलं आणि माझे वडील उतरतात. जुलैअखेर वीस. ऑगस्ट छान. सप्टेंबरात पुन्हा दात वाजू लागतात."

"वीस म्हणजे तुमचा कडक उन्हाळा?"

"वीस म्हणजे वर्तमानपत्रात बातमी!"

एका युरोपियन सल्लागाराने आपल्याकडचा तयार मसुदा पाठवला होता. आमच्या कंपनीने त्यात फक्त वसाहतीचे नाव घातले, आणि मालकांनी सही केली. कोणीही वाचला नाही.

मी त्या कागदावर सही न करता मॅनेजमेंटला सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले, "नोंद घेतली." दुसरे लिहिले. "विचाराधीन." तिसऱ्याला कुरियन यांनीच जिन्यात उत्तर दिले, "इन्शाल्ला."

याकूब केबिनच्या दारात उभा राहिला. "साहेब, पोरीला काय सांगू? सामान बांधू काय?"

"सामान राहू दे. मला पुढचे कलम वाचू दे."

करार अर्धा पाळण्याची मुभा कायद्यात कोणालाही नाही. कलम पंधरा असे होते: हंगाम संपताच तलाव बंद करावा, फाटकाला कुलूप लावावे, आणि पाइपांतले पाणी गोठून ते फुटू नयेत म्हणून पंप काढून ठेवावा.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी मी फाटकाला कुलूप ठोकले आणि सूचना लावली: कलम पंधरानुसार, बर्फाच्या संभाव्य धोक्यामुळे तलाव जूनपर्यंत बंद. बाहेर पस्तीस अंश तापमान होते.

कुरियन धावत आले. "अरे, मरवाओगे क्या? कल जुम्मा है! अर्बाब की पूरी फॅमिली आती है!"

अर्बाब म्हणजे वसाहतीचे मालक. दर शुक्रवारी ते इब्रा गावाहून मुले, नातवंडे आणि मटणाची पातेली घेऊन याच तलावावर येत. हे मला ठाऊक होते.

"येऊ द्या," मी म्हणालो. "त्यांनीही सही केली आहे."

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. मागे नातवंडांचा आकांत ऐकू येत होता.

"मिस्टर देशपांडे, कुलूप का आहे?"

"सीझन संपला, अर्बाब. लाइफगार्डलाही परत पाठवायचे ठरले आहे."

"आणि हा बर्फ कुठे आहे?"

"करारात आहे, अर्बाब. पान अकरा."

त्यांनी वसाहतीच्या ऑफिसातून कराराची फाइल मागवली. मग पाने उलटल्याचा आवाज, आणि नंतर असे हसू, की मला रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला.

"खलास! लाइफगार्ड कुठेही जाणार नाही. तुम्ही नवीन कलम लिहा. आणि आता किल्ली पाठवा, यल्ला, लवकर, ही मुलं फाटकावर चढताहेत!"

किल्ली मी याकूबबरोबरच पाठवली. आधी त्याने खुर्चीवर बसायचे, मगच फाटक उघडायचे, ही अट तोंडी नव्हे, लेखी घातली.

नवे कलम मी त्याच रात्री केले. हंगाम: एक सप्टेंबर ते एकतीस मे. लाइफगार्डची नेमणूक वर्षभराची, व्हिसा कायम, आणि जून ते ऑगस्ट पगारी रजा. कुरियन यांनीही मुकाट्याने सही केली. मला वाटले, याकूब ऐकून माझे पाय धरील.

त्याने मसुदा दोनदा ऐकला आणि डोके खाजवले.

"साहेब, सगळं बेस आहे. पण जूनला गावी जाऊन करू काय? आंबे संपलेले, वरून धो धो पाऊस. मे नाही जमायचा?"

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. करार लिहिण्यापूर्वी तलावाचे तापमान विचारावे, आणि राखणाऱ्याचे गाव विचारावे. सुधारित मसुद्यात हंगाम तीस एप्रिलला संपतो. मे महिन्यात पाणी फारच गरम होते, असे कारण मी लेखी नोंदवलेले आहे.